बाहेरून कुलूप

"झोपले काय हो?"

गल्लीतल्या खुशालरावांचा हा प्रश्न माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावरून आला. झोपलोच होतो. पाच मिनिटंही झाली नसतील. रात्र छताकडे बघण्यात गेली होती, पहाटे खोकल्याने बसवून ठेवलं होतं आणि सकाळी अकराला कूलरच्या हवेत कुठे डोळा लागला होता.

"नाई जी, जागाच हाओ," मी म्हणालो.

"उठू नका, उठू नका. पेशंटनं आराम करा लागते." असं म्हणत त्यांनी खुर्ची खाटेला भिडवली, पाय लांब केले आणि विचारलं, "मंग? कसं कसं झालं? सांगा बरं सुरुवातीपासून."

मी सुरुवातीपासून सांगितलं. ऑफिसच्या जिन्यात धाप लागली तिथपासून ते डॉक्टरांनी टाके काढले तिथपर्यंत. त्या आठवड्यातली ती विसावी-बाविसावी वेळ असेल. मग खुशालरावांनी त्यांच्या साडभावाची बायपास सांगितली. साडभाऊ परतवाड्याचे. ऑपरेशन एकदम फस्कलास झालं होतं, घरी आले, वरणभात खाल्ला, नातवाशी खेळले आणि बाराव्या दिवशी गेले.

"तुमाले कितवा दिवस हाय आज?"

"अकरावा."

"हां. मंग काई नाई," खुशालराव म्हणाले आणि माझ्या बायकोने, ललिताने, आणलेला चहा त्यांनी बशीत ओतला.

बायपासनंतर खरं दुखणं छातीचं नसतं, झोपेचं असतं, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. छातीचं हाड मधोमध कापून पुन्हा तारेने बांधलेलं. त्यामुळे दीड-दोन महिने कुशीवर वळायचं नाही. पाठीमागे तीन उशा घेऊन अर्धवट बसल्यासारखं उताणं पडायचं. खोकला आला की चौथी उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं. पायाची शीर काढली होती, तिथे रात्रभर आग व्हायची. सत्तावन्न वर्षं मी डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपलो. आता उताणा पडलो की वाटायचं, कोणीतरी हार घेऊन येईल आणि पायाशी उभं राहील. डॉक्टरांनी घरी सोडताना स्पष्ट सांगितलं होतं, "अर्धं औषध मी दिलं, अर्धं झोपेचं आहे. रात्री नाही लागली तर दिवसा झोपा. लागेल तेव्हा झोपा, कोणाची भीड धरू नका."

पण दिवसा लोक यायचे. आमच्याकडे पेशंटला पाहायला जाणं म्हणजे लग्नाला जाण्यापेक्षा मोठं. लग्नाला नाही गेलं तर चालतं, आहेर पाठवता येतो. पेशंटला पाहायला नाही गेलं तर ते पुढच्या पिढीपर्यंत लक्षात राहतं. मे महिना, अमरावतीचं ऊन, पारा पंचेचाळीसवर. तरी डोक्याला दुपट्टे बांधून लोक येत होते. कोणी बिस्किटाचे पुडे, कोणी मोसंबी, कोणी शहाळं. चुलत, मावस, ऑफिसचे, पोस्टातले, गल्लीतले. प्रत्येकजण आधी म्हणायचा, झोपू द्या त्यांना. आणि मग खुर्ची ओढायचा.

आणि मी तक्रार कोणत्या तोंडाने करणार? कारण अख्ख्या जिल्हा परिषदेत पेशंटला पाहायला जाणारा माणूस म्हणून कोणाचं नाव असेल, तर ते माझं. देवराव. पस्तीस वर्षं कारकुनी केली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फायली आल्या, फायली गेल्या. साहेब बदलले, खुर्ची तीच राहिली. पण कोणी दवाखान्यात पडला आणि देवराव पोचला नाही, असं कधी झालं नाही. हातपाय मोडलेले, बाळंतिणी, किडनीवाले, कॅन्सरवाले, सगळ्यांजवळ मी बसलो. नुसता बसलो नाही, बोललो. पेशंटचं मन रमवणं हेही एक काम आहे, असं माझं ठाम मत. एका साहेबांनी आपल्या निरोपाच्या भाषणात सगळ्या स्टाफसमोर सांगितलं, "माणुसकी शिकायची तर देवरावांकडून शिका." ते वाक्य मी घरी येऊन ललिताला तीनदा सांगितलं होतं.

आता खाटेवर पडल्या पडल्या एकेक खुर्ची आठवायची. माझी स्वतःची, पेशंटच्या उशाशी ओढलेली. मनात यायचं, आपणही असेच बसत होतो की काय? मग मी स्वतःलाच सांगायचो, छे, आपलं वेगळं होतं.

बाराव्या दिवशी मी मेलो नाही. पण त्या दिवशी एकवीस माणसं येऊन गेली आणि संध्याकाळी मी रडलो. कारण काही नव्हतं. ललिताने विचारलं, "जेवता ना?" आणि मला रडू फुटलं. बायपासनंतर असं होतं म्हणे. पण पोरीसमोर हुंदके देऊन रडायचं म्हणजे काय! मी तोंडावर टॉवेल घेतला.

नीलम, माझी मोठी, अकोल्याला एका दवाखान्यात नर्स आहे. माझ्यासाठी पंधरा दिवसांची रजा टाकून आली होती. तिने टॉवेल बाजूला केला, नाडी पाहिली, डोळे पाहिले.

"किती तास झोपले तुमी काल?"

"असन दोन-तीन."

"आन् परवा?"

मी टॉवेलची घडी घालू लागलो.

"बस झालं," नीलम म्हणाली. "उद्यापासून अकरा ते चार बाहेरून कुलूप."

"बावळट आहेस काय? लोक काय म्हनतीन?"

"काय म्हनतीन? दवाखान्यात गेले म्हनतीन. आपण मागच्या दारानं येऊ-जाऊ."

"अवो, पन लोक लांबून येतात," ललिता म्हणाली. पण तिच्या आवाजात जोर नव्हता. तीन दिवसांत तिने चहाचं एक अख्खं पातेलं जाळलं होतं.

मी खूप विरोध केला. मी, देवराव, आजारी पडल्यावर बाहेरून कुलूप लावून आत लपून बसतो, हे कोणाला कळलं तर? पण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कुलूप लागलं आणि मी पावणेदोन तास झोपलो. त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन तास. ओट्यावर कोणी यायचं, चपला वाजायच्या, "अरे, कुलूप हाय" म्हणायचं आणि परत जायचं. मला झोपेत ऐकू यायचं आणि खोटं कशाला बोलू, आनंद व्हायचा. शाळा बुडवलेल्या पोरासारखा आनंद. तिसऱ्या दिवशी तर मीच साडेदहाला नीलमला विचारलं, "काहून वं, कुलूप नाई लावत काय?"

तो मंगळवार होता. ललिता पोस्टात कामावर गेली होती. एकच्या सुमाराला नीलम म्हणाली, "पप्पा, गोळ्या संपल्या. मी मेडिकलवर जाऊन येते. जरा बँकेचंही काम हाय. कूलरमधलं पाणी कमी झालं, आल्यावर भरते. तुमी झोपा."

मागचं दार लागलं. मी एकटा. आमच्या समोरच्या खोलीची खिडकी ओट्यावर उघडते, त्या खिडकीत कूलर बसवलेला आणि कूलरच्या हवेत माझी खाट. डोळे जड झाले होते. आता लागते, आता लागते, असं वाटत असतानाच ओट्यावर चपला वाजल्या.

"जय भीम, भाऊ!"

आवाज मी लगेच ओळखला. देवमन.

देवमन आमच्या ऑफिसात शिपाई होता. सव्वीस वर्षं रोज सकाळी दहाला माझ्या टेबलावर पाण्याचा पेला ठेवायचा आणि म्हणायचा, "जय भीम, भाऊ." माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, पण शिपायाला अहो-जाहो करायची आमच्या ऑफिसात पद्धत नव्हती, त्यामुळे मीही त्याला अरे-तुरेच करायचो. पाच वर्षांपूर्वी तो रिटायर झाला आणि अकोल्याला मुलाकडे, धम्मदीपकडे राहायला गेला. म्हणजे हा पासष्ट वर्षांचा माणूस अकोल्याहून यष्टीने अडीच तास, मग स्टँडवरून आमच्या गल्लीपर्यंत, आणि तोही भर दुपारी एकला, मला पाहायला आला होता. आधी फोन केला नाही. पेशंटला पाहायला जाताना आमच्याकडे फोन करून कोणी जात नाही. पेशंट घरीच असतो.

"भाऊ! ओ वहिनी!"

कुलूप हातात घेऊन सोडल्याचा आवाज झाला.

मी बोलायला हवं होतं. "देवमन, मागच्या दारानं ये," एवढंच. मोठ्याने ओरडायचीही गरज नव्हती, मधे फक्त कूलर होता. पण मी गप्प राहिलो. का गप्प राहिलो, ते सांगतो. देवमन आला म्हणजे उठून बसावं लागेल. जिन्यातली धाप पुन्हा सांगावी लागेल. तो अकोल्याहून आलाय म्हणजे लगेच जाणार नाही, चारपर्यंत बसेल. मला झोप हवी होती. भुकेल्या माणसाला भाकर हवी असते तशी हवी होती. मी मनात म्हणालो, दोन मिनिटं बघेल आणि जाईल.

उशीखाली फोन थरथरला. नीलमने आवाज बंद करून ठेवला होता. काढून पाहिला, "देवमन अकोला". मी तो फोन गादीत दाबून धरला. ओट्यावर ऐकू जाऊ नये म्हणून. छातीला तार बांधलेला माणूस, दोन्ही हातांनी फोन दाबून पडलेला! तेव्हा मला कोणी पाहिलं असतं तर मी जागच्या जागी मेलो असतो.

फोन थांबला. देवमन गेला नाही. ओट्यावर टेकल्याचा आवाज आला, गुडघा कडकन वाजला आणि तो "अगं माय" म्हणाला. समोरच्या घरातली सून, अपेक्षा, बाहेर आली असावी.

"कोन पाह्यजे बाबाजी?"

"देवरावभाऊले पाहाले आलतो. अकोल्यावून."

"त्याईच्या घराले कुलूप हाय न. दवाखान्यात गेले असतीन. कालही होतं."

"असं काय?" देवमन म्हणाला. मग खिडकीकडे सरकून, "पन पोरी, कूलर चालू हाय."

तीन दिवस कुलूप लावत होतो आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. मे महिन्यात वऱ्हाडात कूलर चालू ठेवून घराला कुलूप कोण लावतं? विजेच्या बिलाची काळजी असणारा तर नाहीच, आणि कारकून तर मुळीच नाही. इतके दिवस जे येऊन गेले, त्यांनाही कळलं असेल काय? खुशालरावांना? मावसभावाला? सगळी अमरावती ओट्यावर उभी राहून हसून गेली असेल आणि मी आत घोरत होतो.

आतासुद्धा बोलता आलं असतं. "अरे देवमन, झोप लागली होती रे," असं खोटं बोलता आलं असतं. पण आता पाच मिनिटं उलटून गेली होती, आणि प्रत्येक मिनिटाला तोंड उघडणं कठीण होत चाललं होतं. आधी मी झोपेसाठी गप्प होतो, आता लाजेसाठी.

"हो न बाप्पा, चालूच हाय," अपेक्षा म्हणाली. "आवाज देऊ काय मी मागून?"

"नाई, नाई," देवमन घाईने म्हणाला. "विसरले असतीन गडबडीत. पेशंटचं घर हाय, राहून जाते. बादली हाय काय वं तुह्यी? याच्यातलं पाणी संपलं."

"तुमी कायले टाकता उन्हात?"

"पाणी नसलं का मोटर जयून जाते न."

आणि मग मला नळाचा आवाज आला. अपेक्षाच्या दारातला नळ, गल्ली ओलांडून. बादली भरली. चपला आल्या. कूलरचं झाकण सरकलं. पहिली बादली टाकीत धाडकन पडली. पुन्हा चपला गेल्या. दुसरी बादली. माणूस पासष्टचा, ऊन दुपारचं, आणि मी आत पडून एकेक बादली मोजत होतो. तिसऱ्या बादलीला कूलरच्या गवताच्या ताट्या भिजल्या आणि माझ्या अंगावर गार वारा आला. इतका गार की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मला खोकला आला. दाबायचा म्हटला तरी तो दाबला जात नाही. मी उशी छातीशी आवळली, तोंड तिच्यात खुपसलं आणि खोकलो.

बाहेर चौथी बादली अर्ध्यावर थांबली.

मी श्वास रोखून पडलो. कूलरच्या पलीकडे, हातभर अंतरावर, देवमन बादली घेऊन उभा होता. त्याने ऐकलं होतं. आता हाक मारेल, आता म्हणेल "भाऊ, जागे हा काय?" तो काही बोलला नाही. मग पाणी पुन्हा पडू लागलं. पण आता धाडकन नाही. टाकीच्या काठावरून, हळूहळू, धार करून. आवाज होऊ नये म्हणून.

झाकण बसलं. बादली परत गेली. चपला ओट्यावरून उतरल्या आणि गल्लीत दूर गेल्या.

आणि मी झोपलो. हे सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. माणसाला झोप लागू नये की नाही? तळमळावं, पश्चात्ताप व्हावा. मला ढाराढूर झोप लागली. ऑपरेशननंतरची सगळ्यात चांगली झोप, पूर्ण तीन तास.

नीलमने उठवलं तेव्हा साडेचार झाले होते. "अपेक्षा सांगत होती, कोनी म्हातारे आलते म्हने. पांढरा पायजमा, हातात थैली. कूलरमंधी पाणी टाकून गेले. तुमी झोपले होते न?"

"हो," मी म्हणालो.

संध्याकाळी मी फोन लावला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. आम्ही दवाखान्यात गेलो होतो, तुझा मिस्ड कॉल पाहिला, आला होतास काय, वगैरे. देवमनने दुसऱ्याच रिंगला उचलला.

"जय भीम भाऊ! तब्येत कशी हाय?"

"बरी हाय. देवमन, तू आला होतास काय दुपारी?"

तो हसला. "मी? नाई बा. मी कुठं आलो? मी तं अकोल्यातच हाओ. इतक्या उन्हात कोन येते!"

"अन् फोन?"

"तो चुकून लागला असन. खिशात दाबला जाते ना. भाऊ, झोप येते काय बरोबर?"

"येते."

"बस मंग. झोपत जा."

फोन ठेवला. तो एक शब्द जरी टोचून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. "काय भाऊ, कुलूप लावून बसले," असं म्हणाला असता तर मीही हसलो असतो, माफी मागितली असती, विषय संपला असता. पण तो आलाच नव्हता म्हणाला. माझी अब्रू राहावी म्हणून त्याने स्वतःचा पाच तासांचा प्रवास पुसून टाकला.

पुढचे दोन दिवस मला झोप लागली नाही. रात्री नाही, दिवसा नाही. कुलूप होतं, कूलर होता, गोळ्या होत्या. नीलम चिडली, डॉक्टरांना फोन करते म्हणाली. गुरुवारी रात्री जेवताना मी ललिताला सगळं सांगितलं. नीलम आत भांडी आवरत होती, तीही दारात येऊन उभी राहिली.

ललिता माझ्याकडे बघतच राहिली. "त्या मानसानं उन्हात बादल्या वायल्या आन् तुमी ऐकून राह्यले होते?"

"हो."

"जागे होते?"

"हो म्हनलं ना!"

"त्याची बायको दवाखान्यात होती तवा तुमी रोज जात होते. आन् तो एक दिवस आला तं तुमाले बोलनं नाई झालं?"

तेच तर मला खात होतं. देवमनची बायको पंचफुला. अकरा वर्षांपूर्वी पोटातली गाठ काढली होती तिची. मोठं ऑपरेशन. अठरा दिवस ती इथल्या दवाखान्यात होती आणि अठराही दिवस मी दुपारच्या सुट्टीत तिच्या खाटेजवळ जाऊन बसलो. दोन-दोन तास. डबासुद्धा तिथेच खायचो. ऑफिसातल्या गमती सांगायचो, इतर पेशंट कसे बरे झाले ते सांगायचो. पुढे अडीच महिन्यांनी ती गेली. पण त्या अठरा दिवसांचा मला फार अभिमान होता. माझ्या आयुष्यात मी केलेलं ते सगळ्यात चांगलं काम, असं मी धरून चाललो होतो.

"लावा फोन," ललिता म्हणाली. "आत्ताच लावा. खरं खरं सांगा."

मी लावला. नऊ वाजले होते. देवमन घाबरलाच. "काय झालं भाऊ? सगळं ठीक?"

"देवमन, मी जागा होतो," मी म्हणालो. "मंगळवारी. तू आलास तवा मी आत होतो अन् जागा होतो. तुह्या सगळ्या हाका ऐकल्या म्या. फोन दाबून ठेवला. तू पाणी टाकलं तेही ऐकलं. मले लाज वाटून राह्यली. दोन दिवसांपासून झोप नाई."

मागे टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

"मले माईत होतं भाऊ," तो म्हणाला. "तुमी खोकलले न."

"मंग आवाज काहून नाई दिला?"

"कायले देऊ? पेशंटले झोप पाह्यजे. तुमी कायले लाजता? याच्यात लाजाचं काय हाय?" त्याला माझी समजूत काढायची होती. माझं ओझं हलकं करायचं होतं, म्हणून तो हसत हसत पुढे बोलला. "आमची पंचफुला नोयती काय तशीच करत? तुमी वार्डाच्या दारात दिसले का ती डोये मिटून घे."

मला आधी कळलंच नाही. "म्हंजे?"

"म्हंजे झोपल्याचं सोंग करे भाऊ! तुमी बोलत राहा, ती डोये मिटून पडून राहे. तुमी गेले का मले विचारे, गेले काय ते बोलनारे भाऊ? लय हासो आमी."

पंचफुला डोळे मिटायची ते मला चांगलं आठवत होतं. माझ्या बोलण्याने बाईला शांत झोप लागते, असं मी समजायचो. तसं मी लोकांना सांगितलंही होतं. ऑफिसात, घरी, इतर पेशंटांना.

"मंग मले सांगितलं काहून नाई तवा?" मी विचारलं.

"म्या म्हनलं होतं तिले. म्हनलं, तुले आराम भेटत नसन तं सांगतो मी भाऊले, का दुपारचे येत नोका जाऊ. तं ती म्हने, नोको. त्याईचं मन दुखन. मानूस चांगला हाय, म्हने. येऊ दे. मी पडून राहीन डोये मिटून. म्हनून सांगतो भाऊ, पेशंट असंच करते. तुमी काई मनावर घेऊ नका. झोपा आता."

"अठरा दिवस?" मी विचारलं.

"काय?"

"काही नाही," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर ललिताने काय झालं म्हणून विचारलं. पोट चिरलेली बाई, दिवस मोजके राहिलेले, तिला दुपारी तेवढी दोन तासांची झोप मिळायची, आणि मी रोज तिच्या उशाशी बसून पोळीभाजी खात बोलत होतो. आणि ती माझं मन दुखू नये म्हणून डोळे मिटून ऐकत होती. मला पंचफुलाची माफी मागायची होती आणि ती मागायला अकरा वर्षं उशीर झाला होता. मी टॉवेल तोंडावर घेतला. या वेळी कोणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी नीलमला कुलूप लावू दिलं नाही. तिने वाद घातला. मी म्हणालो, "जे येतीन त्याईले मी सांगीन, मले झोप येऊन राह्यली म्हनून. तोंड हाय ना मले?" आणि खरंच सांगितलं. दोघं-तिघं रागावून गेले. मावसभाऊ तर चहा न घेताच उठला. जाऊ दे.

देवमनला मी निरोप पाठवला होता, रविवारी ये म्हणून. तो बाराच्या आत आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, डोक्याला पांढरा दुपट्टा, थैलीत लिंबं. मी दाढी करून, धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसलो होतो. त्याने "जय भीम" केला, मी केला. तो दुसऱ्या खुर्चीवर टेकला. खुर्ची त्याने ओढली नाही, जिथे होती तिथेच बसला.

मी बोलायची बरीच तयारी केली होती. पंचफुलाचं नाव घ्यायचं होतं. पण त्याच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मला दिसलं की हा किती थकलाय. मानेच्या शिरा वर आल्या होत्या, पायांवर सूज होती. पहाटेच उठला असणार. मी गप्प बसलो. त्यानेही जिन्यातल्या धापेबद्दल काही विचारलं नाही, ऑपरेशनबद्दल विचारलं नाही. कूलर चालू होता. असेच आम्ही बसलो, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. माझ्या उभ्या जन्मात मी कोणाजवळ इतका वेळ न बोलता बसलो नव्हतो.

मग त्याची मान छातीवर आली. एकदा दचकून वर गेली, पुन्हा खाली आली आणि तिथेच राहिली. तोंड थोडं उघडं पडलं. ललिता चहा घेऊन आली, तिला मी हातानेच परत पाठवलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. ओमप्रकाश, आमच्या ऑफिसातला लेखाविभागाचा, हातात शहाळं घेऊन, बाहेरूनच मोठ्याने बोलत येत होता, "काय देवरावभाऊ, कसं काय? उठले काय? आमी म्हनलं आज रविवार हाय..."

मी उशी छातीशी धरली, खुर्चीतून उठलो, हळूहळू दारापर्यंत गेलो आणि तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला," मी म्हणालो. "देवमनभाऊ झोपले हायेत."